चिक्कडपल्लीतलं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन

हैदराबादहून परत आल्यावर गल्लीतल्या लोकांनी मला मोत्यांबद्दल विचारलं, बिर्याणीबद्दल विचारलं, आणि किल्ल्याच्या दारात टाळी वाजवली की वर ऐकू येते हे खरं का, असंही विचारलं. मला यातलं काहीच नीट सांगता आलं नाही. किल्ला मी पाहिलाच नाही. आठवडाभर मी त्या शहरात होतो आणि त्यातला बराचसा वेळ एका जुन्या ॲम्बॅसिडरच्या बॉनेटमध्ये वाकून गेला. तरीही जे पाहिलं ते सांगण्यासारखं आहे असं वाटतं, म्हणून लिहितो.

कोल्हापुरात उद्यमनगरला माझं कॅमशाफ्ट ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे. ज्यांचा गाडीशी फक्त बसण्यापुरता संबंध येतो त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात हवा आणि पेट्रोल कधी आत घ्यायचं, धूर कधी बाहेर सोडायचा, हे व्हॉल्व्ह उघडून आणि मिटून होतं. ते व्हॉल्व्ह किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे कॅमशाफ्ट ठरवतो. हा एक लोखंडी दांडा असतो आणि त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवट्याचा आकार बदलला की त्याच इंजिनाचा स्वभाव बदलतो. आमच्याकडे शर्यतीचा षौक जुना असल्यामुळे या कामाला गिऱ्हाईक कायम असतं.

माधव बिरादार हा माझा कॉलेजातला मित्र. त्याचं मूळ गाव उदगीरच्या बाजूला, घर शेतकऱ्याचं. निजामाच्या काळापासून त्यांच्या घराला मोठं शहर म्हणजे हैदराबादच, मुंबई-पुणं नव्हे. वडील सरकारी नोकरीसाठी तिथे गेले आणि चिक्कडपल्लीत घर करून राहिले. माधव कुकटपल्लीतल्या एका पंपाचे भाग बनवणाऱ्या युनिटमध्ये मॅनेजर होता. नवीन आर्थिक धोरण येऊन तीन-चार वर्षं झाली होती. बाहेरचे तयार पंप बाजारात येऊ लागले होते आणि युनिटमधल्या अर्ध्या मशीन झाकून ठेवलेल्या असायच्या. पण त्याच वाऱ्याबरोबर जपानमधल्या मोडीत काढलेल्या गाड्यांची इंजिनंही बंदरात येऊन उतरत होती. माधवने त्यातलं एक घेऊन वडिलांच्या ॲम्बॅसिडरमध्ये बसवलं होतं.

एके दिवशी एसटीडी बूथवरून त्याचा फोन आला. "शशी, ट्विन कॅम आहे. सोळाशे सीसी, सोळा व्हॉल्व्ह. दोन जादा कॅमशाफ्ट भंगारात मिळालेत, ते पाठवतो. तू घासून दे. आणि पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये."

मी दोन्ही कॅम घासले, बायकोच्या जुन्या साडीत गुंडाळले आणि निघालो.

सोलापूर

या स्टेशनबद्दल लिहायचं कारण एवढंच की इथे मला बॅग उघडायला लावली. रेल्वे पोलिसाने साडीची घडी बाजूला केली आणि दोन चकचकीत दांडे पाहून माझ्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"कॅमशाफ्ट."

"ते दिसतंय. कशाचे?"

जपानी इंजिनाचे, असं सांगितल्यावर त्याचा संशय वाढला. त्याने शेजारून जाणाऱ्या तिकीट तपासनिसाला बोलावलं. तपासनिसाची स्कूटर होती. त्याने एक दांडा हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि विचारलं, "याने ॲव्हरेज वाढतं का?"

"कमी होतं."

"मग कशाला बसवायचा?"

"आवाज बदलतो," मी म्हटलं. बहुधा त्यामुळेच मी निरुपद्रवी आहे असं दोघांनाही वाटलं आणि त्यांनी मला सोडलं.

चिक्कडपल्ली

माधव स्टेशनवर येणार होता, पण आल्या त्या सुलोचनावहिनी, त्याची बायको. तारनाक्याला रेल्वेच्या एका संस्थेत त्या नोकरीला होत्या आणि ॲम्बॅसिडर रोज त्याच चालवायच्या, हे मला तिथेच कळलं. मी मागचं दार उघडायला लागलो तर म्हणाल्या, "पुढं बसा की भावजी. मागं बसलात तर मला लोक टॅक्सीवाली म्हणतील."

बाहेरून गाडी दुधी रंगाची, एका बाजूला थोडी पोचे पडलेली, अगदी कुणाच्याही वडिलांची असावी तशी. चावी फिरवली आणि इंजिन लागलीच सुरू झालं. आवाज इतका मंद होता की मी वहिनींकडे पाहिलं.

"दोन वर्षं झाली, असंच आहे," त्या म्हणाल्या. "पावसात, थंडीत, कधी दुसऱ्यांदा चावी फिरवायला लागली नाही. आमच्या ऑफिसातल्या लोकांच्या नव्या गाड्या बंद पडतात, ही नाही पडत."

चिक्कडपल्लीचा रस्ता बाजाराचा. टिफिन सेंटर, पुस्तकांची दुकानं, फुलांच्या गाड्या, आणि प्रत्येक पाटी तेलुगूत. वहिनी गर्दीतून तिसऱ्या गिअरमध्ये रमतगमत गाडी काढत होत्या. एवढ्या कमी वेगात शर्यतीच्या घराण्यातलं इंजिन सहसा धडधडतं, मुसमुसतं. हे गप्प होतं.

त्याचं कारण माधवने संध्याकाळी बॉनेट उघडून दाखवलं. प्रत्येक सिलिंडरला हवा नेणाऱ्या दोन नळ्या असतात. इथे दोनपैकी एका नळीत एक पातळ झडप बसवलेली आहे. हळू चालवताना ती मिटलेली असते आणि सगळी हवा एकाच अरुंद नळीतून जोराने आत जाते, म्हणून खालच्या वेगातही इंजिन नीट ओढतं. चार-साडेचार हजार फेऱ्यांच्या वर गेलं की झडप उघडते आणि इंजिन दोन्ही नाकपुड्यांनी श्वास घेतं. खालचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, जाड, मार खाणारा. वरचं हेड अल्युमिनियमचं, हलकं. ज्यांनी हे काढलं त्यांनी ताकदीसाठी टिकाऊपणा विकलेला नव्हता. मी बॉनेटमध्ये वाकून बराच वेळ बघत राहिलो.

"काय म्हणतोस?" माधवने विचारलं.

"याला हात कशाला लावायचा, असं म्हणतो."

तो हसला. मग त्याने सगळं सांगितलं. कुकटपल्लीत एक रेड्डी गारू, म्हणजे रेड्डीसाहेब, होते. त्यांच्या ग्रॅनाइटच्या खाणी होत्या आणि त्यांना शर्यतीच्या गाड्यांची टीम काढायची होती. त्यांच्याकडे एक रिकामी शेड होती. रविवारी शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर वेगाच्या चाचण्या होत्या. तिथे माधवची गाडी पळालेली त्यांना आवडली, तर शेड माधवची आणि टीमच्या पाचही गाड्यांचं काम त्याचं.

"युनिट वर्षभरात बंद होणार," तो म्हणाला. "मालक मला सांगत नाही, पण मला दिसतंय. माझ्याकडे ही एकच गाडी आहे दाखवायला."

जेवायला ज्वारीची भाकरी, आंबट डाळ आणि गोंगुऱ्याचं लोणचं होतं. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच. आमच्याकडे तिची भाजी तांदळाच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी देऊन करतात आणि ती गरिबाची भाजी समजली जाते. तिथे तिच्या लोणच्याची बरणी ताटाशेजारी मानाने ठेवतात. वहिनी माधवला कधी "अहो" म्हणत, कधी गमतीने तेलुगूत "एमंडी". दोन्हींचा अर्थ एकच आहे, असं त्यांनी मला समजावून सांगितलं, फक्त एमंडी म्हटलं की ते लवकर ऐकतात.

युसुफभाईंची गल्ली

गाडीचं काम घरामागच्या गल्लीत युसुफभाईंच्या गॅरेजमध्ये चालायचं. आमच्या उद्यमनगरात सकाळी आठला लेथ फिरायला लागतात. युसुफभाईंचं शटर अकराच्या पुढे केव्हातरी वर जायचं, मग चहा, मग दुनियेच्या खबरी, आणि त्यानंतर पाना हातात. पण एकदा हातात घेतला की भराभर काम. त्यांचं या इंजिनाबद्दलचं मत ठरलेलं होतं.

"डीजल डालो बोला था मैं," ते मला म्हणाले. "पिट्रोल पी-पी के मालिक को सुखा देता ये. पन कौन सुनरा?"

हेड उघडून माझे कॅम बसवले. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून लहान मुलांची खेळायची माती आणली, तिचे गोळे पिस्टनच्या डोक्यावर चिकटवले, हेड बसवून इंजिन हाताने फिरवलं आणि पुन्हा उघडलं. मातीवर व्हॉल्व्हचे ठसे उमटले होते. ठसा किती खोल गेला आणि खाली माती किती उरली, यावरून व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात किती जागा आहे ते कळतं.

जागा होती, पण मूळच्या कॅमबरोबर जेवढी होती तेवढी नव्हती. आणि इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती मी त्याच रात्री जेवताना दोघांनाही सांगितली.

कॅमशाफ्ट फिरतात ते एका रबरी पट्ट्यावर. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात; गॅरेजमध्ये तो चढवायचं काम माधवने स्वतःकडे ठेवलं होतं. तो तुटला की व्हॉल्व्ह जिथल्या तिथे थांबतात आणि पिस्टन मात्र वेगात असल्यामुळे आणखी थोडे खालीवर होत राहतात. पुष्कळशा इंजिनांत अशा वेळी पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिनाचा चुराडा होतो. या इंजिनात जपान्यांनी मुळातच एवढी जागा ठेवली होती की बेल्ट तुटला तरी कुणी कुणाला लागत नाही. गाडी नुसती थांबते. नवा बेल्ट घाला आणि घरी जा.

"आणि तुमचे कॅम घातले की?" वहिनींनी विचारलं.

"व्हॉल्व्ह जास्त खाली येतात. बेल्ट शाबूत असेतो काही नाही. तुटला तर लागणार."

"मग नको," वहिनी म्हणाल्या.

माधव भाकरी मोडता मोडता थांबला. "बेल्ट नवा आहे, सुलू. मी बदललाय. आणि रविवारपुरताच प्रश्न आहे. सोमवारी सकाळी जुने कॅम परत घालून गाडी तुझ्या हातात."

वहिनींनी त्याच्या ताटात डाळ वाढली. "सोमवारी मला तारनाक्याला जायचंय," त्या म्हणाल्या. "आत्ता आहे तशी गाडी पाहिजे."

"तशीच देतो."

कुकटपल्लीच्या पुढचा रस्ता

शनिवारी सकाळी आम्ही तिघं गाडी घेऊन निघालो. कुकटपल्लीची घरं तेव्हा एका ठिकाणी एकदम संपायची आणि पुढे खडकांचा मुलूख लागायचा. एकावर एक ठेवलेले गोल धोंडे, आत्ता गडगडतील असे, पण कधीचे तिथेच. आमच्याकडे खडक काळा, सपाट, डोंगराला चिकटलेला असतो. हे धोंडे कुणीतरी आणून ठेवल्यासारखे दिसत होते.

माधवने आधी चालवली. खालच्या वेगात इंजिन पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. उभं असताना जरा लंगडल्यासारखं वाजायचं, हा माझ्या कॅमचा गुण. पण काटा पाच हजारांवर गेला आणि आवाज बदलला. सहा, साडेसहा, सात. ॲम्बॅसिडरची जड पाठ सीटमधून आम्हाला ढकलायला लागली. माझं काम मी पुष्कळ गाड्यांत पाहिलं आहे, त्यामुळे मला फार उचंबळून येत नाही. त्या दिवशी मी दाराची कडी घट्ट धरली होती एवढं आठवतं.

परतताना वहिनी म्हणाल्या, "मी बघू का?"

रस्ता रिकामा होता. त्यांनी गाडी सावकाश सोडली, दुसरा, तिसरा, आणि मग पाय दाबला. सात हजारांपर्यंत नेली, तिथे गिअर टाकला आणि पुन्हा वर नेली. मग वेग उतरवून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मला वाटलं, घाबरल्या असतील. त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणी येत नाही याची खात्री केली, गाडी वळवली आणि त्याच रस्त्याने उलट्या दिशेला तेच पुन्हा केलं.

"कसं वाटलं?" माधवने विचारलं.

"ठीक आहे," वहिनी म्हणाल्या आणि घरापर्यंत गाडी त्यांनीच चालवली.

धावपट्टी

धावपट्टी लढाईच्या काळातली म्हणत. सिमेंटच्या फटींतून गवत आलं होतं, कडेला शामियाना, आणि एका टेम्पोवर शीतपेयाच्या नव्या कंपनीची कमान. वीस-बावीस गाड्या आल्या असतील. बहुतेक चपट्या, रंगवलेल्या. आमची दुधी ॲम्बॅसिडर रांगेत उभी राहिली तेव्हा लोक हसले. कोणीतरी विचारलं, "मंत्री कहाँ बैठते?"

रेड्डी गारू पांढऱ्या कपड्यांत होते. त्यांनी मला हात जोडून नमस्कार केला, वहिनींना खुर्ची आणवली, आणि माझे कॅम कोणत्या आकाराचे आहेत याची बारकाईने चौकशी केली. माणूस जाणता होता आणि सभ्य होता.

पहिल्या धावेत माधवने हसणाऱ्यांची तोंडं बंद केली. आपल्या वर्गात तो दुसरा आला आणि पहिली आलेली गाडी वजनाने निम्मी होती. रेड्डी गारू उठून उभे राहिले. "चाला बागुंदी," ते म्हणाले, फार छान. मग माधवच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बिरादार गारू, इंकोसारी." आणखी एकदा.

दुसरी धाव ऐच्छिक होती. वहिनी टिफिनचे डबे आवरत होत्या. "झालं ना आता," त्या म्हणाल्या. "त्यांना आवडली. चला घरी."

"एकच, सुलू."

मी धावपट्टीच्या शेवटच्या टोकाला उभा होतो. आवाज चढत आला, दुसरा गिअर, तिसरा, आणि वरच्या टोकाला पोचल्यावर आवाज एकदम तुटला. त्याआधी एक खणखण ऐकू आली, लहानशी, भांड्यांच्या मांडणीवरून चमचे पडावेत तशी. मग गाडी माझ्यासमोरून मुकाट घरंगळत गेली. चाकांचा तेवढा आवाज होता.

माधव गाडीतून उतरला आणि बॉनेट न उघडता तसाच उभा राहिला. आम्हा दोघांनाही काय झालं ते माहीत होतं.

रेड्डी गारूंनी त्यांची जीप दिली. ती ॲम्बॅसिडर ओढत होती, तिच्या स्टिअरिंगवर माधव होता, आणि वहिनी व मी जीपच्या मागच्या फळीवर बसलो होतो. वहिनी डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन गाडीकडे बघत होत्या. 

राणीगंज

सोमवारी सकाळी वहिनी सिटी बसने तारनाक्याला गेल्या. मी त्या दिवशी परत निघणार होतो. राहिलो.

हेड उघडलं तेव्हा आठ व्हॉल्व्ह वाकलेले निघाले आणि पिस्टनच्या डोक्यांवर चंद्रकोरीसारखे ओरखडे होते. पिस्टन वाचले होते, ब्लॉकला काही झालं नव्हतं. हे नशीब म्हणायचं की लोखंड चांगलं म्हणायचं, मला ठरवता येईना. माधव हात पुसून चहा सांगायला गेला, तेव्हा युसुफभाईंनी तुटलेला बेल्ट माझ्या हातात दिला. कडा उसवल्या होत्या, दात घासून गोल झाले होते.

"ये इंजिन के साथ आया सो वइच है," ते हळू आवाजात म्हणाले. "नवा मुंबई से आने वाला था, आयाच नहीं. साब मेरेकु बोले, किसी को नक्को बोलो."

त्यांनी बेल्ट माझ्या हातातून काढून भंगाराच्या डब्यात टाकला. मी माधवला काही विचारलं नाही. ते माझ्यापाशी बोलायचं प्रकरण नव्हतं.

व्हॉल्व्ह शोधायला युसुफभाई मला राणीगंजला घेऊन गेले. गाड्यांच्या सुट्या भागांचा तो बाजार आमच्या अख्ख्या उद्यमनगराएवढा असेल. दुकानदार उर्दूत भाव सांगायचा, नोकराला तेलुगूत ओरडायचा, आणि मी कोल्हापूरचा म्हटल्यावर एकाने मोडक्यातोडक्या मराठीत चप्पल चांगली मिळते का विचारलं. त्याच इंजिनाचं एक फुटकं हेड एका पोटमाळ्यावर निघालं. त्यातले व्हॉल्व्ह सरळ होते. युसुफभाईंनी ते मिळवताना दुकानदाराला अर्धा तास त्याच्या आजोबांची आठवण सांगितली. घासाघीस करायची ही पद्धत मी पूर्वी पाहिली नव्हती.

त्या संध्याकाळी रेड्डी गारू घरी आले. वहिनींनी त्यांना कॉफी दिली. शेड अजूनही माधवची आहे, ते म्हणाले. इंजिनं शर्यतीत फुटतातच, त्याचं काही नाही. पाचही गाड्या पहिल्या धावेसारख्या पळाल्या पाहिजेत, एवढंच. त्यांनी माधवला आठवडाभरात सांगायला सांगितलं.

ते गेल्यावर माधव मला म्हणाला, "उद्या जुने कॅम घालू. सुलूची गाडी पहिल्यासारखी होऊ दे. रेड्डीच्या गाड्यांत तुझे."

वहिनी कप उचलत होत्या. "या गाडीत भावजींचेच घाला," त्या म्हणाल्या.

माधवने वळून पाहिलं.

"शनिवारी मी चालवली ना," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्षं मी ते इंजिन नुसतं ऑफिसला नेत होते. मला तेच पाहिजे. पण बेल्ट तुटला तर गाडी फक्त थांबली पाहिजे, आधी थांबायची तशी. हे होतं का भावजी, का नाही?"

होत होतं. पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हसाठी खोल खाचा कापायच्या. मग व्हॉल्व्ह कितीही खाली आला तरी त्याला जागा मिळते. पण खाचेत जाणारी जागा दाबातून वजा होते. कॉम्प्रेशन उतरतं आणि वरच्या टोकाची थोडी ताकद जाते. मी तसं सांगितलं.

"किती जाते?"

"तुम्हाला कळेल. शेजारी बसलेल्याला कळणार नाही."

"शेजारच्याचं काय करायचंय," वहिनी म्हणाल्या.

पिस्टन आम्ही कुकटपल्लीच्या युनिटमध्ये नेले. माधवने एका मशीनवरचं ताडपत्रीचं झाकण काढलं, धूळ पुसली, आणि मी खाचा कापल्या. काम चालू असताना तो एकदाच बोलला. "पाचही गाड्यांत अशाच खाचा कापतो म्हटलं तर रेड्डीला चालणार नाही. त्याला शेवटचा थेंब पाहिजे."

"विचारून बघ."

त्याने युनिटच्या ऑफिसातून फोन केला. मी मशीनपाशी होतो, मला अर्धंच ऐकू आलं. तो तेलुगूत बोलत होता, आधी भरभर, मग थांबत थांबत. परत आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. "शुभेच्छा दिल्या," तो म्हणाला. "कोइमतूरचा कुणीतरी आहे, त्याला बोलावतो म्हणाला." मग त्याने पुढचा पिस्टन उचलून शिकंज्यात बसवला.

त्याला वाईट वाटलं का, मला सांगता येणार नाही. शेवटच्या पिस्टनची खाच त्याने स्वतः कापली आणि ती माझ्यापेक्षा स्वच्छ आली.

शेवटची संध्याकाळ

इंजिन जुळवून झालं होतं. नवा बेल्ट तेवढा घालायचा राहिला होता. तो मुंबईहून आला होता आणि मडगार्डवर, आपल्या पुठ्ठ्याच्या पाकिटात पडून होता. मी वहिनींना गल्लीत बोलावलं. पट्टा नसताना कॅमला पाना लावून पूर्ण फेरी फिरवायची, आणि तेव्हा पिस्टन वर आणून धरायचा. हाताला कुठे अडल्यासारखं वाटलं नाही, तर बेल्ट तुटूनही काही लागणार नाही. हे माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांनी हाताने पाहिलेलं बरं, असं मला वाटलं.

ऑफिसातून आल्या तशाच त्या आल्या. पदर खोचला आणि पाना घेतला. माधव खाली वाकून क्रँक धरून बसला होता, पिस्टन वर राहावा म्हणून. युसुफभाई बॅटरीचा उजेड दाखवत होते.

"फिरवू?" वहिनी म्हणाल्या.

"थांब," माधव खालून म्हणाला. तो वर बघत नव्हता. "सुलू, बेल्ट मी बदलला नव्हता. त्या दिवशी जेवताना खोटं बोललो."

युसुफभाईंनी बॅटरीचा उजेड दुसरीकडे वळवला.

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "नव्या बेल्टचं पाकीट परवा पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. मुंबईचा शिक्का रविवारच्या आधीचा होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता का बघत होते. क्रँक नीट धरा."

त्यांनी पाना ओढला. कॅम जड असतो, स्प्रिंगा त्याला मागे रेटतात, त्यामुळे त्यांना दोन्ही हात लावावे लागले. पहिला उंचवटा वर चढला, टोकावर क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि पलीकडे उतरला. मग दुसरा. त्या प्रत्येक ठिकाणी हात सावकाश करत होत्या, धान्यात खडा लागतो का ते बघावं तशा. फेरी पूर्ण झाली. मग त्यांनी दुसऱ्या कॅमला पाना लावला आणि तोही फिरवला. कुठेच काही लागलं नाही.

माधवने क्रँक सोडला आणि उठून बेल्टचं पाकीट फोडलं. वहिनींनी ते त्याच्या हातातून घेतलं, बेल्ट बाहेर काढून उजेडात दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि मग त्याला परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडी घेऊन कामावर गेल्या. गल्लीच्या तोंडापर्यंत इंजिन जरा लंगडत वाजलं, मग रस्ता मोकळा मिळाला असावा, कारण आवाज एकदम सरळ झाला आणि चढत गेला. माधव दारात उभा राहून ऐकत होता. "ऑफिसला उशीर झालाय तिला," तो म्हणाला. मी बॅग उचलली आणि आम्ही दोघं स्टेशनची बस पकडायला निघालो.